इंदापूर ते शिकागो व परत

आमच्या इंदापुरास प्रवाशांचें विमान उतरत नाहीं, तरी विमानाचा आवाज आम्हांस नवा नाहीं. पलीकडे बारामतीस वैमानिकांच्या शिक्षणाची सोय झाल्यापासून शिकाऊ विमानें आमच्या शेतांवरून घिरट्या घालूं लागलीं, आणि २०२२ च्या जुलैंत त्यांपैकीं एक तर आमच्याच तालुक्यांतील कडबनवाडीच्या शेतांत कोसळलें. चालविणारी मुलगी थोडक्या दुखापतीवर बचावली, ही ईश्वराची कृपा. परंतु गांवांतील कोणास मोठ्या विमानानें परदेशीं जावयाचें झालें म्हणजे त्याचा प्रवास एस. टी.च्या स्थानकापासूनच सुरू होतो. पुणें सुमारें १३५ किलोमीटर, तेथून मुंबई, आणि मग पुढचें सारें जग.

इंदापूर हें पूर्वींपासून वाटेवरचें गांव. पुणें-सोलापूर हमरस्ता याच्या अंगावरून जातो. आषाढी वारीस तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगांव केतकी असे मुक्काम करीत येथें येते, रिंगण होतें, आणि सराटीस नीरेंत पादुकांना स्नान घालून ती अकलुजाकडे जाते. मालोजीराजे भोसले येथल्याच लढाईंत पडले. त्यांची गढी नव्या पिढीस आवर्जून दाखविली जाते. उत्तरेस भीमेचें पात्र उजनीच्या धरणानें तुंबून समुद्रासारखें पसरलें आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे पळसदेवचें बुडालेलें जुनें देऊळ वर डोकावतें, आणि हिवाळ्यांत भिगवणच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे व हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस उतरतात. दक्षिणेस नीरा. या दोन्ही नद्या तालुक्याच्या पूर्वेकडील टोकास नरसिंहपुरीं एकत्र होतात. तेथील श्रीलक्ष्मीनृसिंह अनेक देशस्थ घराण्यांचें कुलदैवत आहे, तसें आमचेंही आहे. आणि या लेखाचें कारणही तेथेंच आहे.

आमचे थोरले बंधु २०१६ सालीं वारले. त्यांचा एकुलता मुलगा शिकागोजवळ नोकरीस असतो; त्यास एक मुलगी, व तिच्या पाठीवर मुलगा. या नातवाची मुंज नरसिंहपुरींच व्हावी, असें बंधूंनीं शेवटच्या आजारांत बोलून दाखविलें होतें, आणि वहिनींनीं तो शब्द धरून ठेविला होता. मुलास आठवें वर्ष लागलें, २०२३ चा मे महिना ठरला, आणि पुतण्याचा फोन आला, "काका, तिकिटांची काळजी नको. माझ्याजवळ मैल साठलेले आहेत."

मैल साठतात, ही गोष्ट आमच्या वडिलांस सांगितली असती तर त्यांनीं आमच्या कपाळाला हात लावून पाहिला असता. आमच्या घरांत मात्र २०१९ पासून ही भाषा परिचयाची झाली होती. कारण त्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां व वहिनी शिकागोस जाऊन आलों होतों. जातांनाचें तिकीट पुतण्यानेंच काढून पाठविलें. मुंबईहून फ्रँकफर्टपर्यंत लुफ्तान्साचें विमान, व तेथून शिकागोपर्यंत युनायटेडचें. कंपन्या दोन, देश दोन, पण तिकीट एकच. वहिनींच्या सामानांत भाजणी, मेतकूट, सांडगे आणि एक पुरणयंत्र अशी तयारी होती. मुंबईस त्या पेटीला जी चिठ्ठी अडकविली, ती घेऊन पेटी एकदम शिकागोसच आमच्यासमोर आली. फ्रँकफर्टच्या विमानतळावर वहिनींकरितां चाकाची खुर्ची हजर होती. खुर्ची ढकलणारा गृहस्थ त्या विस्तीर्ण इमारतींतून आम्हांस या दारांतून त्या दारांत नेत होता, आणि वहिनी मागें वळून वळून म्हणत होत्या, "भावोजी, पेटी कुठें आहे?" पेटीची काळजी आपण करावयाची नाहीं, हें त्यांस पटेना, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही पटत नव्हतें.

ही सोय कशी होते याची आम्हीं शिकागोस निवांतपणीं चौकशी केली. १९९७ च्या मे महिन्यांत लुफ्तान्सा, युनायटेड, एअर कॅनडा, स्कँडिनेव्हियाची एस.ए.एस. व थाई एअरवेज या पांच कंपन्यांनीं एकत्र येऊन 'स्टार अलायन्स' नांवाचा संघ काढला. १९९९ सालीं अमेरिकन, ब्रिटिश एअरवेज, कॅथे पॅसिफिक, क्वांटास वगैरेंचा 'वनवर्ल्ड' आणि २००० सालीं डेल्टा, एअर फ्रान्स, एअरोमेक्सिको व कोरियन यांचा 'स्कायटीम' निघाला. जगांतील बहुतेक मोठ्या जुन्या कंपन्या या तिघांपैकीं एकांत आहेत. दुसऱ्या देशाच्या कंपनीस आपल्या मुलखांतील विमानसेवा सहसा कोणी विकत घेऊं देत नाहीं. तेव्हां विवाह शक्य नाहीं म्हणून स्नेह, असा हा प्रकार आहे. आमच्याकडील पालखीसोहळ्यांतील दिंड्यांसारखें समजावें. प्रत्येक दिंडीचा क्रमांक वेगळा, चूल वेगळी, विणेकरी वेगळा. पण चालण्याचा क्रम एक, आणि वारकऱ्यास वाटेंत पाणी कोणत्याही दिंडींत मिळतें. संघांतील एका कंपनीच्या विमानावर दुसरी आपला क्रमांक घालून तिकिटें विकते. सामान व प्रवासी एकमेकांच्या हवालीं करितात. आणि एकीच्या विमानानें केलेल्या प्रवासाचे मैल दुसरीच्या वहींत जमा होतात. पुरेसे मैल जमले म्हणजे त्यांच्या मोबदल्यांत फुकट तिकीट. ही मैलांची वही अमेरिकन एअरलाइन्सनें १९८१ सालीं मोठ्या प्रमाणावर सुरू केली, आणि मग बहुतेक मोठ्या कंपन्यांनीं तशी वही उघडली.

आपली एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजीं स्टार अलायन्समध्यें गेली. पहिलें बोलावणें २००७ सालचें. मध्यंतरीं २०११ सालीं दार लावून घेण्यांत आलें आणि पुन्हां उघडण्यांत आलें. जेट एअरवेज शेवटपर्यंत तिन्ही संघांबाहेर राहिली व अबूधाबीच्या एतिहादला २०१३ सालीं २४ टक्के भाग विकून तिच्याशीं बांधली गेली. आम्ही निघण्याच्या थोडेंच आधीं, १७ एप्रिल २०१९ रोजीं, जेटचीं विमानें थांबलीं. पण चमत्कार असा, कीं तिची मैलांची योजना ही निराळी कंपनी होती आणि तींत मोठा भाग एतिहादचा होता. म्हणून विमानें गेलीं तरी मैल राहिले, व त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ते नव्या नांवानें चालूं लागले. देह गेला, छाया राहिली!

येतांना आम्हांस काटकसरीची बुद्धि सुचली. पुतण्याचा सल्ला न मानतां आम्हीं दोन निरनिराळीं स्वस्त तिकिटें काढलीं. न्यूयॉर्कहून आखातांतील एका शहरापर्यंत एका कंपनीचें, व तेथून मुंबईपर्यंत दुसरीचें. दोघींचा आपसांत कांहीं संबंध नव्हता. मध्यें साडेतीन तासांचें अंतर होतें. आम्हांस तें ऐसपैस वाटलें. न्यूयॉर्कहूनच विमान तीन तास उशिरां निघालें. पोहोंचल्यावर सामान स्वतः उतरवून घ्यावयाचें, त्यासाठीं त्या देशाचा प्रवेश-परवाना विकत घ्यावयाचा, मग दुसऱ्या कंपनीच्या खिडकीशीं जावयाचें. तोंवर मुंबईचें विमान केव्हांच गेलें होतें. खिडकीवरील बाई सौजन्यानें बोलली, पण बोलली तें एवढेंच, कीं आपण वेळेवर आलां नाहीं. पहिली कंपनी म्हणाली, आम्हीं आपणांस येथवर आणून पोंचविलें. दोघींचेंही म्हणणें त्यांच्या त्यांच्या कागदाप्रमाणें बरोबर होतें! तीन नवीं तिकिटें काढावीं लागलीं. वांचविलेले पैसे तर गेलेच, त्यावर गांठचे सुमारें तितकेच गेले. वहिनींना तेथें चौदा तास एका बांकावर बसवावें लागलें, पाय सुजले, आणि तरी त्यांनीं आम्हांस एका शब्दानें दोष दिला नाहीं, हें आम्हांस अधिक लागलें. एकच तिकीट असतें तर चुकलेल्या प्रवाशास पुढच्या विमानांत बसविण्याची जबाबदारी कंपन्यांची होती. वृद्ध माणसें बरोबर असतां वाचकांनीं दोन तिकिटांचा मोह धरूं नये; तिकिटावर प्रत्यक्ष विमान कोणाचें, हेंही वाचून घ्यावें, कारण क्रमांक एकीचा व विमान दुसरीचें असें पुष्कळदां असतें.

आतां २०२३ कडे येऊं. पुतण्याजवळ चौघांपैकीं तिघांचीं तिकिटें निघतील इतके मैल होते, निदान त्याचा तसा हिशेब होता. ते त्यानें सात-आठ वर्षें जमविले होते; प्रवासाचे थोडे, आणि बँकेच्या कार्डावर किराणा, पेट्रोल, मुलांचीं दप्तरें यांच्या खरेदीचे पुष्कळ. फेब्रुवारींत तो तिकिटें काढावयास बसला, तों कंपनीनें मागणी वाढविलेली! पूर्वीं जितक्या मैलांत तीन तिकिटें येत, तितक्यांत आतां जेमतेम दीड येत होतें. आगाऊ सूचना नाहीं, आणि दाद मागावयास जागाही नाहीं, कारण नियमांच्या बारीक अक्षरांत आम्ही केव्हांही हे बदलूं शकतों असें लिहिलेलें असतें. उरलेलीं तिकिटें रोखीनें काढावयाचीं तर उन्हाळ्याचें भाडें. आणि त्याच वर्षीं त्यानें घराचें कर्ज घेतलेलें.

"मी आणि बाळ येतों," तो म्हणाला, "दोघी इथें राहतील."

वहिनी ऐकत होत्या. त्यांनीं इतकेंच विचारलें, "अरे, मातृभोजन कोणाबरोबर करायचें?"

मुंजींत बटूनें आईच्या ताटांत शेवटचें जेवावयाचें असतें. आई सातासमुद्रांपलीकडे आणि ताट नरसिंहपुरीं, हें कसें व्हावें? आणि सून आली तर मोठ्या मुलीस एकटी कशी ठेवावी? फोन बंद झाला तरी कोणी उठेना.

ओट्यावर आप्पा बसले होते. आप्पा आमचे चुलत चुलते, वय तेव्हां अठ्ठ्याऐंशी. तरुणपणीं कांहीं वर्षें वालचंदनगरास नोकरी केली, मग घरची शेती पाहिली, आणि जन्मभर ऊस लाविला. त्यांस मैलांचा प्रकार आम्हीं समजावून सांगूं लागलों, तर त्यांनीं अर्ध्यावरच हात वर केला.

"ही आपली दिवाळीची साखर! ऊस घालणाऱ्या सभासदाला कारखाना सवलतीनें साखर देतो, तीच. ऊस आज घालायचा, आणि साखर किती किलो नि काय भावानें, तें दिवाळींत कळायचें. कमी केली तर तूं काय करणार? घातलेला ऊस परत येतो का?"

आम्हीं म्हटलें, "आप्पा, पण दुसऱ्या कंपनीकडे जातां येतें."

"दुसरा कारखाना जवळ असला तर!" आप्पा म्हणाले. "आणि तिकडे सभासद नाहींस, म्हणून तोड उशिरां. पोराचे मैल एका वहींत अडकलेत, तो तिकडे जाईल कशाला? साखर गोड असते ती त्यासाठींच."

या एका वाक्यानें आम्हांस जें उमगलें तें पुढें वाचलेल्या निबंधांनीं फारसें वाढलें नाहीं. ऊसकरी वाचकांस ठाऊकच आहे, कीं दोन कारखान्यांमध्यें किमान अंतर असावें असा निर्बंध आहे. केंद्राच्या आदेशांत तें पंधरा किलोमीटर होतें, महाराष्ट्रानें पंचवीस केलें, आणि त्यास म्हणतात 'हवाई अंतर'. कारखान्यास पुरेसा ऊस मिळावा हा त्याचा हेतु. पण शेतकऱ्यास दुसरें दार जितकें दूर, तितकी पहिल्या दाराशीं घासाघीस करण्याची त्याची शक्ति कमी, हाही त्याचा परिणाम. उलट ज्या गांवांत तीन कारखान्यांच्या टोळ्या उतरतात, तेथें भाव आपोआप सुधारतो व काटाही सुधारतो.

आप्पांची दुसरी गोष्ट आम्हांस नवी होती. वालचंद हिराचंद यांनीं वालचंदनगरचा कारखाना उभारला तो आमच्याच तालुक्यांत, कळंबच्या माळावर. पुढें १९४० सालीं म्हैसूर संस्थानच्या साहाय्यानें बंगलोरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढणारे तेच. देशांतला विमानांचा पहिला कारखाना आणि आमचा ऊस यांचा धनी एक. परंतु त्याआधीं ते जहाजांत होते. नरोत्तम मोरारजी प्रभृतींबरोबर त्यांनीं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजीं तिचें पहिलें जहाज मुंबईहून लंडनला निघालें. तो दिवस आपण नाविक दिन म्हणून पाळतों. इंग्रज जहाज-कंपन्यांनीं या पोरक्या कंपनीस दोन हत्यारांनीं जेरीस आणलें. एक भाडेयुद्ध, म्हणजे तोटा सोसून भाडें इतकें उतरवावयाचें कीं नवा धंदेवाईक बुडावा. दुसरें हत्यार अधिक सूक्ष्म होतें. त्या कंपन्यांचा आपसांत 'कॉन्फरन्स' नांवाचा संघ असे. १८७५ सालीं कलकत्त्याच्या व्यापारासाठीं असा पहिला संघ निघाला. जो व्यापारी आपला सर्व माल संघाच्याच जहाजांवर चढवील, त्यास भाड्यांतील कांहीं भाग परत मिळे, पण लगेच नव्हे. कित्येक महिन्यांनीं, आणि तोंवर त्यानें दुसऱ्याच्या जहाजावर एक गांठही चढविली नसेल तरच. व्यापाऱ्याची सूट संघाच्या तिजोरींत अडकलेली, मग तो सिंदियाच्या जहाजाकडे फिरकतो कशाला? १९२३ सालीं तडजोड झाली, आणि आपलीं जहाजें मर्यादित ठेवण्याचें व परदेशच्या मार्गांवर न जाण्याचें सिंदियाला कबूल करावें लागलें. ही रोखून धरलेली सूट कायद्यानें बंद करावी, म्हणून साराभाई हाजी यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत विधेयकही आणलें होतें.

वहिनी मध्येंच म्हणाल्या, "आप्पा, त्या पहिल्या जहाजाचें नांव काय होतें?"

"लॉयल्टी," आप्पा म्हणाले, "म्हणजे निष्ठा."

आज अमेरिकेंत मैलांच्या वहीस हाच शब्द लावितात!

आतां संघ हें पाप कीं पुण्य, असा प्रश्न वाचक करतील. एका वाक्यांत उत्तर नाहीं. इंदापूरकरास मुंबई-फ्रँकफर्ट-शिकागो अशा जोडप्रवासांत संघाचा लाभ होतो, आणि तो केवळ पेटीच्या चिठ्ठीपुरता नाहीं. दोन परस्पर अनोळखी कंपन्या आपापल्या टप्प्यावर आपापला नफा चढवितात. भागीदार झाल्या म्हणजे एकीनें भाडें उतरविल्यास दुसरीचाही प्रवासी वाढतो हें त्यांना दिसतें, म्हणून एकूण भाडें उतरतें. ब्रूकनर व व्हेलन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं २००० सालीं तपासून दाखविलें, कीं अशा जोडप्रवासास संघांतील कंपन्यांचें भाडें संघाबाहेरील जोडीपेक्षां सुमारें २५ टक्के कमी असे. आम्हीं आखातांत भरलेल्या दंडाचा विचार करतां हा आंकडा आम्हांस मुळींच अतिशयोक्त वाटत नाहीं.

पण ज्या मार्गावर तेच दोन भागीदार पूर्वीं समोरासमोर स्पर्धा करीत, तेथें गोष्ट फिरते. फ्रँकफर्ट व न्यूयॉर्क यांमधील सरळ उड्डाणें मुख्यतः लुफ्तान्सा व युनायटेड यांचीं. दोघी आणि एअर कॅनडा अटलांटिकवरील उत्पन्न एका हंड्यांत घालून वांटून घेतात. एरवीं दोन दुकानदारांनीं मिळून भाव ठरविणें हा कायद्यानें गुन्हा आहे. परंतु अमेरिकेच्या वाहतूक खात्यानें १९९३ सालीं प्रथम के.एल.एम. व नॉर्थवेस्ट यांना यांतून सूट दिली, आणि मग एकामागून एक अशा सुटी मिळत गेल्या. आपल्याकडील दोन कारखान्यांनीं एकच काटा ठेवावा, एकच भाव बांधावा आणि सरकारनें त्यास मान्यता द्यावी, तसें हें झालें. युरोपीय आयोगास संशय आला. त्यानें २०१३ सालीं या तीन कंपन्यांकडून फ्रँकफर्ट-न्यूयॉर्क मार्गावर नव्या स्पर्धकास विमानतळावरील वेळा सोडून देण्याचें वचन घेतलें. तत्पूर्वीं २०१० सालीं ब्रिटिश एअरवेज, अमेरिकन व आयबेरिया यांच्याकडून घेतलेलें वचन आप्पांना फार आवडलें असतें. नव्या कंपनीच्या प्रवाशांनाही जुन्यांच्या मैलांच्या योजनेंत भाग घेऊं द्यावा, असें त्यांत होतें. म्हणजे सभासद नसलेल्यासही दिवाळीची साखर! मैल ही केवळ बक्षिसी नसून ती एक भिंतही आहे, हें त्या आयोगास ठाऊक होतें.

त्या भिंतीची किंमत २०२० सालीं उघड झाली. साथीच्या रोगानें विमानें जमिनीवर बसलीं, तेव्हां युनायटेडनें आपली मैलांची योजना गहाण टाकून अब्जावधी डॉलरांचें कर्ज काढलें. योजनेची किंमत सुमारें २२ अब्ज डॉलर धरण्यांत आली. विमानें उभीं असतां सोनें निघालें तें वहींत! याचें कारण असें, कीं कंपन्या हे मैल बँकांना रोख पैसे घेऊन विकतात, आणि बँका ते आमच्या पुतण्यासारख्यांस किराण्यावर वांटतात. मैलांचा भाव ठरविणारी टांकसाळ कंपनीच्याच घरांत. डेल्टानें २०१५ सालीं व युनायटेडनें २०१९ सालीं कोणत्या प्रवासास किती मैल लागतील याचा छापील तक्ताच काढून घेतला. आतां मागणी पाहून दर रोज आंकडा ठरतो. ज्यास मैल जमवावयाचेच आहेत त्यानें ते लोणच्यासारखे मुरवत ठेवूं नयेत, ताकासारखे ताजे संपवावेत, असें आमचें मत झालें आहे.

आपल्या देशांतील चित्र याहून सोपें आणि म्हणूनच अधिक काळजीचें आहे. तेथें संघांचा प्रश्नच उरला नाहीं, कारण कंपन्याच उरल्या नाहींत. किंगफिशर २०१२ सालीं बसली, जेट २०१९ सालीं, आणि गो फर्स्ट तर आमच्या मुंजीच्याच महिन्यांत, मे २०२३ मध्यें. टाटांनीं जानेवारी २०२२ मध्यें एअर इंडिया परत घेतली, आणि सिंगापूरच्या भागीनें काढलेली विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजीं तींत विलीन झाली. स्पर्धा आयोगानें या विलीनीकरणास २०२३ सालीं परवानगी दिली ती कांहीं अटी मान्य करवून. विस्ताराच्या सभासदांचे गुण एअर इंडियाच्या वहींत आले खरे, पण ते आतां एकाच दाराशीं वटतात. नरसिंहपुराच्या पुढें नीरेचें पाणी असतें, नांव नसतें. इंडिगो तिन्ही संघांबाहेर आहे, आणि देशांतील साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी तिच्याच विमानांत बसतात. २०२५ च्या डिसेंबरांत वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांस तिची तयारी पुरी पडली नाहीं, तेव्हां अवघ्या कांहीं दिवसांत तिचीं हजारों उड्डाणें रद्द झालीं. इतरांचीं भाडीं इतकीं चढलीं, कीं सरकारला कमाल भाडें बांधून द्यावें लागलें. एकाच कारखान्यावर सारा तालुका अवलंबून असतां बॉयलर बिघडावा, तसें.

असो. मुंजीचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. फोननंतर तिसऱ्या दिवशीं सकाळीं वहिनींनीं आम्हांस हांक मारली व बँकेचें पुस्तक पुढें केलें. बंधूंच्या मागें साडेतीन एकर ऊस त्यांच्या नांवें आहे; त्या हंगामाचें बिल नुकतेंच जमा झालें होतें. "यांतून दोन तिकिटें होतील का, बघा," त्या म्हणाल्या. आम्हीं म्हटलें, पैसे आम्ही घालतों. त्यावर त्या म्हणाल्या, "भावोजी, यांनीं शब्द टाकला होता तो तुमच्यावर नाहीं." आम्ही गप्प बसलों. एक तिकीट मैलांचें, दोन उसाचीं, व एक पुतण्यानें कर्ज काढून, असे चौघे एकाच संघाच्या एकाच तिकिटानें मुंबईस उतरले.

त्यांस आणावयास आम्ही गेलों होतों. पहाटे भिगवणपाशीं गाडी थांबविली. भिगवण माशांकरितां प्रसिद्ध, आमचा संबंध चहापुरता. मुलगी जलाशयाकडे पाहून म्हणाली, "आजोबा, हा समुद्र का?" तिला पळसदेवचें देऊळ दाखविलें, पाणी उतरल्यामुळें शिखर व खालचे कांहीं खांब उघडे पडले होते. घरीं वहिनी दारांत भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या.

नरसिंहपुरीं उन्हाचा कडाका होता. संगमाचा घाट, वर काळ्या दगडांचें भक्कम देऊळ. प्रल्हादानें वाळूची मूर्ति करून पूजिली अशी तेथील कथा. दोन्ही नद्यांना पाणी बेताचेंच होतें. मातृभोजनाच्या वेळीं बटूला वरणभात नको होता, श्रीखंडच पाहिजे होतें. सुनेनें त्यास समजावून पहिला घांस भरविला, तेव्हां वहिनी खांबाआड गेल्या. नंतर भिक्षावळींत त्यांनीं नातवाच्या झोळींत तांदूळ घातले, आणि आप्पांनीं कारखान्याच्या साखरेची पुडी. मुलानें ती तेथेंच सोडून तोंडांत टाकली व गुरुजींचें बोलणें खाल्लें.

वहिनींच्याही नांवानें २०१९ मध्यें एक वही उघडली होती, आणि त्या प्रवासाचे मैल तींत जमा झाले होते. त्यांची मुदत छत्तीस महिन्यांची. ती २०२२ मध्यें संपली, व आम्हांस पुढें मुंजीच्या धांदलींत केव्हां तरी कळलें. कार्ड मात्र वहिनींनीं टाकलेलें नाहीं. कारखान्याच्या भागाच्या दाखल्याबरोबर तें त्यांच्या पत्र्याच्या डब्यांत आहे. गेल्या दिवाळींत साखर आणावयास जातांना आम्हीं दाखला मागितला, तर त्यांनीं चुकून तेंच कार्ड आमच्या हातीं दिलें.